धोटा खिळ्याला लावून घरी जावे

नोकरीत काय करत होता, असं कुणी विचारलं की मी "डॉक्युमेंटेशन" म्हणते. समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि विषय बदलतो. माझ्या सासूबाईंनी मात्र अंजूरच्या अख्ख्या आळीला माझं काम एका वाक्यात समजावून दिलं होतं. "आमची सून कांपुटर चालवीत न्हाय, तो कसा चालवाचा ता लिवते." याच्याइतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

आमचं ऑफिस भिवंडीत निजामपुऱ्यात होतं, एका लूमच्या शेडवरच्या माळ्यावर. खाली माग, वर आम्ही. माग चालू झाले की आमची जमीन थरथरायची. सकाळी माझ्याकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर दुपारपर्यंत सरकत सरकत शेजारी बसणाऱ्या महेशच्या टेबलाकडे वळून बसलेला असायचा. शेवटी प्रत्येक मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना विटा लावल्या. मालक भोईरशेठ. यांनी गोदामाला जमीन दिली, हातात पैसा आला आणि मेव्हण्याने सांगितलं की पुढचा जमाना कांपुटरचा आहे. झालं! दुसरा कोणी असता तर बिअर बार काढला असता. यांनी सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं.

सॉफ्टवेअर लूमवाल्यांसाठी होतं. व्यापारी लूमवाल्याला सूत देतो, लूमवाला त्याचं कापड विणून परत करतो, मधे थोडं सूत वाया जातं, त्याला घट म्हणायचं. सूत किती आलं, कापडाचे ताके किती गेले, घट किती झाली, एवढंच आमचा प्रोग्रॅम सांगायचा. तो लिहायचे अस्लम आणि महेश. आणि तो कसा वापरायचा त्याची पुस्तिका लिहायची मी. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, दूरच्या नात्यातले म्हणून भोईरशेठनी बोलावलं. मला कांपुटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तेच माझं भांडवल होतं. मला समजेपर्यंत अस्लमला समजवावं लागायचं, आणि मला समजलं की भिवंडीत कुणालाही समजेल, असा शेठचा हिशेब होता.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली पाहिजे. पुस्तिका कुणी वाचत नाही ही तक्रार सगळे करतात. खरी भीती वाचणाऱ्यांची. मी एकदा लिहिलं होतं, "छपाई चालू असताना प्रिंटरला हात लावू नये." एका लूमवाल्याच्या मुनीमजींचा फोन आला, तीन दिवस प्रिंटर नुसता कटकट आवाज करतोय, कागदावर काही उमटत नाही. अस्लम जाऊन बघतो तर प्रिंटरमधला कागद संपलेला. "मग कागद नाही का भरायचा?" तर मुनीमजी म्हणाले, "बाईंनी लिहिलंय ना, हात लावायचा न्हाय!" छापलेल्या अक्षराला इतका मान देणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. मी तेव्हा हसले होते. हसणं अंगाशी यायचं होतं.

आता धोट्याचं सांगते. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. शटल म्हणा हवं तर. आमचा प्रोग्रॅम एक नव्हता, त्याच्या पाच-सहा फायली होत्या, सुताची वेगळी, ताक्यांची वेगळी, घटीची वेगळी. एकाच फाईलमध्ये दोघांनी एका वेळी हात घातला की संपलंच. जावा-जावांनी एकमेकींना न विचारता आमटीत मीठ टाकल्यासारखं. तसं एकदा झालंही होतं. अस्लमची महिनाभराची मेहनत महेशच्या एका फ्लॉपीने पुसून टाकली आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

तेव्हा भोईरशेठ खालच्या शेडमधून जुने धोटे घेऊन आले. एकेका फाईलला एकेक धोटा, माझ्या पुस्तिकेच्या फाईललाही एक. त्यावर माझ्या नेलपॉलिशने फाईलचं नाव. भिंतीवर खिळे ठोकले आणि धोटे टांगले. नियम सोपा. फाईल उघडायची तर तिचा धोटा खिळ्यावरून काढून आपल्या खिशात ठेवायचा. खिळा रिकामा दिसला की समजायचं, फाईल कुणाच्या तरी हातात आहे, गप बसायचं. आणि संध्याकाळी फाईलची नवी फ्लॉपी बिस्किटाच्या डब्यात ठेवून धोटा खिळ्याला लावूनच घरी जायचं.

तो नियम पाळून घेण्याचं काम जुबेदाखालांकडे होतं. त्या चहा करायच्या आणि झाडलोट करायच्या. संध्याकाळी दारात उभ्या राहून त्या प्रत्येकाचे खिसे चाचपायच्या. "निकालो धोटा." शेठ असोत की शेठचा मेव्हणा. धोट्याची टोकं लोखंडी आणि अणकुचीदार, त्यामुळे आमच्या सगळ्या पोरांच्या पँटींचे खिसे फाटलेले. अस्लमची आई मला एकदा बाजारात भेटली तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला की तुमच्या ऑफिसात मुलं खिशात काय घेऊन फिरतात?

हे सगळं मी नियमपुस्तकात व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. आणि मग मुंबईहून देसाई आले.

देसाई हे सल्लागार. टाय लावायचे. निजामपुऱ्याच्या गल्लीत टाय लावून आलेला माणूस बघायला समोरचा पानवाला टपरी सोडून उभा राहिला होता. त्यांनी भिंतीवरचे धोटे पाहिले, एकाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "हे काय आहे?" भोईरशेठनी अभिमानाने सांगितलं. देसाईंनी रुमालाने कपाळ पुसलं.

त्यांनी सांगितलं की जगात याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात आणि त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. फाईल मधल्या मोठ्या कांपुटरवर ठेवायची. कुणी ती काढून घेतली की कांपुटर त्याच्या नावाने कुलूप लावतो, ते चेक-आउट. काम करून परत ठेवली की कुलूप निघतं, ते चेक-इन. कुणी कधी काय बदललं ते सगळं कांपुटरच्या लक्षात राहतं. नेलपॉलिश नको, खिळे नकोत. प्रत्येकाच्या कांपुटरला पासवर्ड, म्हणजे दुसऱ्याच्या कामात कुणाला डोकावता यायचं नाही.

मग माझी पाळी आली. व्यवस्था बदलली, पण नियमपुस्तकात पानोपानी धोटाच धोटा. ते सगळं नव्याने लिहायचं होतं. डॉक्युमेंटेशन नेहमी असंच असतं बघा, वरातीमागून घोडं. मी एकेक नियम मोठ्याने वाचायची आणि सगळे मिळून ठरवायचे, ठेवायचा की काढायचा. "धोटा खिळ्याला लावूनच घरी जावे" हा नियम आला आणि सगळे एका आवाजात ओरडले, "काढा!" फाटक्या खिशांचा तो सूड होता. देसाई म्हणाले, "बरोबर आहे, फाईल कुणाकडे आहे ते कांपुटरच्या लक्षात राहतंच." राहतं ना! पण खाला दारात उभ्या राहून मागून घ्यायच्या, तसं कांपुटर मागून घेत नाही, हे त्या मिटिंगमधल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासकट. खाला चहाचे कप उचलता उचलता एवढंच म्हणाल्या, "ठीक है. अब कोई पूछेगा नहीं." आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा निघाला.

पासवर्डचा नियम नवीन होता, तो मी स्वतः रचला. देसाई म्हणाले, "दुसऱ्याला ओळखता येणार नाही असा शब्द असावा." हे आमच्या पोरांना समजायचं नाही, सगळे आपापल्या आईचं नाव टाकून मोकळे होतील. म्हणून मी समजेल असं लिहिलं. नियम सातवा: "पासवर्ड असा शब्द असावा, जो आपण थोरामोठ्यांसमोर कधीही उच्चारणार नाही." वाक्य आजही मला आवडतं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं खाली माना घालून, कान लाल करून पासवर्ड टाइप करत होती. आठवा नियम: "पासवर्ड कोणालाही सांगू नये. ज्याचा त्याने टाइप करावा."

आता आमच्या गिऱ्हाइकांमधला सगळ्यात अवघड मोहरा, हाजीशेठ. कोकणी मुसलमान घर, मूळ गाव खारबाव, लूम निजामपुऱ्यात. माणूस लाखात एक, पण रोज सकाळी अकराच्या ठोक्याला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न, "झाला काय?" काय झालं, कुणाचं झालं, ते आपण ओळखायचं. आमच्या ऑफिसात त्यांचं नावच पडलं, झालाकाय शेठ.

त्यांची तक्रार मात्र खरी होती. आमच्या घटीच्या फाईलमध्ये काहीतरी उलटसुलट झालं होतं आणि कांपुटर दाखवायचा की त्यांच्या लूमवर दिलेल्या सुतापेक्षा कापड जास्त निघालंय. हाजीशेठ म्हणाले, "बाई, तुमचा कांपुटर म्हन्तो माझे माग सुताशिवाय कापड इनतात. मग मी सूत कशाला आनू? लूम बंद करतो, कांपुटरलाच इनायला बशवतो!" बाकीचे लूमवाले त्यांच्याच तोंडाकडे बघायचे. हाजीशेठ हो म्हणतील तर सगळे प्रोग्रॅम घेणार, नाही म्हणतील तर कोणी नाही.

आणि भोईरशेठना ते निमित्त पुरे होतं. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "बाई, सोमवारी सगळे लूमवाले येतायत. त्यांनी घेतलं तर ठीक. नाही तर हे ऑफिस बंद करून मी सगळं अंधेरीला मेव्हण्याकडे हलवतो. तुम्हाला तिथे जागा आहे." जागा होती, पण मी जाणार कशी? अंजूरहून भिवंडीला रिक्षा थेट यायची आणि ऑफिस नात्यातल्या माणसाचं, म्हणून घरून परवानगी. अंधेरीचं नाव काढल्यावर सासूबाईंनी एकच शब्द उच्चारला. "न्हाय." नवऱ्याने पेपरात तोंड घातलं.

त्या ऑफिसात खिडकीपाशी माझी एक खुर्ची होती. डावा हात तुटलेली, उशी मी घरून आणलेली. माहेरी नाही, सासरी नाही, पण त्या थरथरत्या माळ्यावर 'बाईंची खुर्ची' म्हणून दुसरं कुणी बसत नसे. ती जाईल या विचाराने मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

घटीची दुरुस्ती अस्लमकडे होती. त्याने ती पूर्ण केली आणि रजेवर गेला. रजा लग्नाची. आणि लग्न कुणाशी? हाजीशेठच्या मुलीशी, रुबिनाशी! रविवारी खारबावला निकाह आणि सोमवारी लूमवाल्यांची मिटिंग. हाजीशेठना कुणी म्हणालं, मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कशाला धावपळ? ते म्हणाले, "लगीन पोरीचा हाय, लूमचा न्हाय."

रविवारी सकाळी आम्ही तालीम करायला ऑफिसात जमलो. महेशने प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर आलं, सूत कमी, कापड जास्त. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. महेशने मधला कांपुटर उघडून बघितलं आणि मटकन बसला. घटीची फाईल अस्लमच्या नावाने कुलूपबंद. त्याने ती दुरुस्त केली होती, पण चेक-इन करायला विसरला होता. नवी फाईल त्याच्या स्वतःच्या कांपुटरमध्ये, आणि तो कांपुटर पासवर्ड मागत होता. मास्टर चावी देसाईंकडे आणि देसाई त्यांच्या गावी, जिथे फोन नाही. अस्लमच्या घरी फोन केला तर शेजारीण म्हणाली, सगळी मंडळी बसने खारबावला गेली.

खाला केरसुणी घेऊन उभ्या होत्या. "धोटा लेके गया क्या?" एवढंच विचारलं.

भोईरशेठ म्हणाले, "चला खारबावला." महेश म्हणाला, "नुसता पासवर्ड विचारून येऊ." शेठनी नियमपुस्तक उघडून माझ्यापुढे नाचवलं. "आठवा नियम काय आहे? ज्याचा त्याने टाइप करावा! कांपुटर घेऊन जायचा." आली का पंचाईत! मी म्हटलं, "अहो शेठ, अडचण असली तर चालतं." "असं लिहिलंय का कुठे?" लिहिलं नव्हतं.

मग अस्लमचा कांपुटर, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं एका फुलाफुलांच्या चादरीत बांधलं आणि रिक्षात घातलं. महेशला ऑफिसात ठेवलं. मॉनिटर माझ्या मांडीवर. खारबावपर्यंतचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही, माझे गुडघेही विसरणार नाहीत.

मांडवाच्या दारात हाजीशेठचा पुतण्या उभा होता. एवढं मोठं गाठोडं बघून त्याचा चेहरा फुलला. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने आणि आणखी दोघांनी गाठोडं उचललं आणि तो आत ओरडला, "भोईरशेठनी टीव्ही आनलाय!" मांडवभर टीव्ही, टीव्ही झालं. गाठोडं बायकांच्या खोलीत आहेराच्या ढिगात जाऊन बसलं. आता दिलेला आहेर परत कसा मागायचा? भोईरशेठनी कपाळावर हात मारला, पण चारजण हात मिळवायला पुढे आले तेव्हा त्याच हाताने त्यांनी हस्तांदोलन केलं.

ते तसेच स्टेजवर गेले. अस्लम सेहऱ्यात बसला होता, तोंडासमोर मोगऱ्याच्या माळा. त्याच्या एका बाजूला हाजीशेठ, दुसऱ्या बाजूला कुणी वयस्कर मामा. शेठ मिठी मारायचं निमित्त करून वाकले आणि कुजबुजले, "अस्लम, पासवर्ड." सेहरा जोरजोराने डावीकडून उजवीकडे हलला.

"सांग रे बाबा, उद्या मिटिंग आहे!"

"नाही सांगता येणार, शेठ. सातवा नियम."

"कुठला सातवा?"

"थोरामोठ्यांसमोर."

मांडवाच्या दारातून मला यातलं काही ऐकू येत नव्हतं, ते शेठनी नंतर सांगितलं, पण त्यांनी वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून विषय माझ्या वाङ्मयाचा आहे एवढं समजलं. तेवढ्यात हाजीशेठनी मान पुढे घातली. "झाला काय?" अस्लम जागच्या जागी असा दचकला की सेहऱ्यातली दोन फुलं गळून पडली. भोईरशेठ म्हणाले, "काही नाही, काही नाही, मुबारक हो!"

आता उरले मी. बायकांच्या खोलीत जाऊ शकणारी आमच्या ऑफिसातली एकटी मीच होते. नवरीच्या एका फुफींनी, म्हणजे आत्यांनी, मला हाताला धरून आत नेलं, माझ्यापुढे सांदणांची ताटली ठेवली आणि मध्यभागी ठेवलेल्या आमच्या कांपुटरकडे कौतुकाने बघत विचारलं, "रंगीत हाय ना?"

नवरी पलंगावर बसली होती. फुलांच्या जाळीतून तिने मला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुम्ही पुस्तकातल्या बाई ना?"

मी उडालेच. ती म्हणाली, तिच्या अब्बांकडे आमचा प्रोग्रॅम ती चालवायची. माझी पुस्तिका तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती, प्रस्तावनेसकट. घटीच्या धड्यातलं मात्र तिला काही कळत नव्हतं, म्हणून ती अस्लमला फोन करायची. "पहिल्या दोन वेळी खरंच कळला नव्हता," ती म्हणाली आणि खाली बघून हसली. म्हणजे माझ्या पुस्तिकेतला सगळ्यात गचाळ धडा होता, त्याने हे लग्न जमवलं होतं. लेखक म्हणून एवढं यश मला पुन्हा मिळालं नाही.

मी तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. अस्लम, फाईल, सोमवार. आणि माझी खुर्चीसुद्धा सांगितली, का कोण जाणे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पासवर्ड मला ठाव हाय."

"आठवा नियम?"

"त्यांनी मोडला," ती लाजून म्हणाली. "पन बोलून न्हाय दाखवाचा. अब्बांचा नाव हाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासऱ्याचं टोपणनाव! सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला नवरदेव ते उच्चारणार कसं? माझ्या सातव्या नियमाचं इतकं काटेकोर पालन महाराष्ट्रात कुणी केलं नसेल.

पंख्याचा प्लग काढून आम्ही कांपुटरचा लावला. फुफी ओरडल्या, "गरम व्हते गो!" पण टीव्ही लागणार म्हणून सगळ्या पुढे सरकल्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. "पिच्चर कधी लागल?" "हा तर बिघडलेला दिसतो." "भोईरशेठला कुनी फसवला वाटते." रुबिनाने मेंदीच्या हातांनी कीबोर्ड ओढला, जाळी एका बाजूला सारली आणि एकेक बोटाने टाइप केलं, झालाकाय. कांपुटर उघडला. मी पर्समधून फ्लॉपी काढून घातली. तिने घटीची फाईल शोधली आणि कॉपी सुरू केली. फ्लॉपी खर्रखर्र करायला लागली.

आणि नेमके तेव्हाच दारात वकील आणि दोन साक्षीदार आले. निकाहाला नवरीची संमती विचारायला. सगळ्या बायकांनी पदर सावरले. वकिलांनी नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं, मेहेरची रक्कम सांगितली आणि विचारलं, "कबूल आहे?"

रुबिना पडद्याकडे बघत म्हणाली, "एक मिनिट थांबा."

खोलीत फक्त फ्लॉपी ऐकू येत होती. नवरीने थांबा म्हटलं! एका फुफींनी तोंडात पदर कोंबला. दारातल्या पोराने ते बाहेर नेलं आणि मांडवात जाईपर्यंत त्याचं 'पोरगी न्हाय म्हन्ते' झालं. मला नंतर भोईरशेठनी सांगितलं, ते ऐकून अस्लमने सेहरा दोन्ही हातांनी बाजूला केला आणि त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. मी हात जोडून सगळ्या देवांना, आणि त्या घरच्या अल्लालाही, सांगत होते, लवकर कर रे बाबा. मी एका खुर्चीसाठी दुसऱ्याचं लग्न मोडायला निघाले होते.

दाराबाहेरून तो आवाज आला. "झाला काय?"

फ्लॉपी थांबली. पडद्यावर आलं, फाईल कॉपी झाली. रुबिनाने जाळी पुढे ओढली, मान खाली घातली आणि म्हणाली, "कबूल." तीनदा, स्पष्ट. बायकांच्या आवाजाने छप्पर उडालं. मी फ्लॉपी पदराच्या गाठीला बांधली आणि रडले. सगळ्यांना वाटलं, बाई किती मायाळू.

कांपुटर तिथेच राहिला. आहेर तो आहेर. आठवडाभराने अस्लमने ऑफिसात येऊन त्या फ्लॉपीवरून आधी चेक-इन केलं, मग मिठाई वाटली.

सोमवारी लूमवाले आले. हाजीशेठ पहिल्या खुर्चीत, डोळ्यांत झोप, अंगाला कालचं अत्तर. महेशने फ्लॉपी घालून प्रोग्रॅम चालू केला. सूत इतकं, ताके इतके, घट इतकी, बरोबर. हाजीशेठनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. खाली माग खटाखटा चालले होते आणि मॉनिटर विटेला टेकून थरथरत होता. मी माझ्या खुर्चीचा उरलेला हात घट्ट धरून बसले होते.

मग ते म्हणाले, "झाला."

इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदाच 'काय' शिवाय ऐकला. बाकीच्यांनी माना हलवल्या. भोईरशेठनी अंधेरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी त्याच दिवशी नियमपुस्तक दुरुस्त करायला घेतलं. फाईल चेक-आउट करावी आणि तिचा धोटा खिळ्यावरून काढावा. काम झाल्यावर चेक-इन करावी, धोटा खिळ्याला लावावा आणि खालांना खिसे दाखवून घरी जावे. पुढे देसाईंनी ते वाचलं आणि म्हणाले, "बाई, जगात कुठेही असं डॉक्युमेंटेशन नाही." मी म्हटलं, "थँक्यू." सातवा नियमही मी बदलला. "पासवर्ड असा असावा, जो वेळ पडल्यास सासऱ्यासमोर उच्चारता येईल." खालांनी त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच टाकली.

मी निवृत्त झाले ती त्याच खुर्चीवरून. निरोपाला सगळे आले. रुबिना तोवर आमच्याकडेच लागली होती, माझी पुस्तिका आता ती लिहिणार होती. घटीचा धडा तिने तसाच गचाळ ठेवावा असं मी सुचवलं, पण तिने ऐकलं नाही. हाजीशेठ काठी टेकत जिना चढून आले. खूप थकले होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा हसून म्हणाले, "बाई, त्या दिवशी मांडवात येवढा सोंग कशाला केलात? मला ईचारला असता तर मीच सांगितला असता."

"काय, शेठ?"

"पासवर्ड. अस्लम थोरांसमोर बोलत न्हाय म्हंजे ता माझाच नाव असनार. तुमचे भोईरशेठ फोन उचलून हाताने झाकीत न्हाईत. 'झालाकाय शेठचा फोन हाय' म्हन्तात, मला सगळा ऐकू येतो. म्हनून तर रोज फोन करायचो. नाव पडलाय तर टिकवाया नको?"

अस्लम खिडकीबाहेर बघायला लागला. भोईरशेठनी पंख्याकडे बघितलं.

मग हाजीशेठनी माझ्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. फाईली बांधलेल्या, खुर्चीवरची उशी पिशवीत भरलेली. त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"झाला काय, बाई?"

मी पर्समधून पुस्तिकेचा धोटा काढला, खिळ्याला लावला आणि दारातल्या खालांना पर्स उलटी करून दाखवली.

"झाला, शेठ," मी म्हटलं.